भिंतीतले एक मीटर दहा

इस्टेटीच्या प्रत्येक घराची दारे व झडपा इस्टेटीच्याच रंगात असतील. भाडेकरूने स्वतः ब्रश हाती घेऊ नये.
— एल्झेनबोस इस्टेट, कामगारांच्या घरांचे नियम, १८८७, कलम चौथे

*

करड्या मानेचे छोटे कावळे वसंतात धुराड्यात काड्या टाकतात. एखादी आडवी अडकेपर्यंत टाकतच राहतात.

*

आमची खोली ६.४५. शेजारची ५.३५. तीन भिंती मिळून ०.७०. बेरीज १२.५०. बाहेरून मात्र १३.६०.

*

पुढचं दार वर्षानुवर्षं बंद. उघडायचं ते दोनदाच: घरातली मुलगी नवरी होऊन निघाली की, आणि घरातलं माणूस आडवं होऊन निघालं की.

*

"जाळीत कापड कोणी कोंबलं?"

"मी."

जाळी

जुनी घरं वाचून त्यांचा इतिहास लिहून देणं हा वल्लरी केळुसकरचा पोटापाण्याचा उद्योग. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला आली, पीएचडी झाली, तिथेच राहिली. बेस्ट नावाच्या गावापासून सायकलने वीस मिनिटांवरच्या एल्झेनबोस इस्टेटीतलं हे घर तिच्याकडे सप्टेंबरमध्ये आलं होतं. एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं, जाड विटांच्या भिंती, बुटकी खिडकी, मधोमध एकच धुराडं. १८८७ साली माळ्यांसाठी आणि वनरक्षकांसाठी बांधलेलं. डाव्या अर्ध्यात सुबोध आणि कीर्ती मोहिते भाड्याने राहत. उजव्या अर्ध्यात विम, वय सत्त्याहत्तर, जन्म त्याच घरातला.

अहवाल निम्मा झाला होता. मग अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी, सुबोधचे वडील दीनानाथ त्या घरात मरण पावले.

सहा दिवसांनी वल्लरी आली तेव्हा पुढचं दार उघडं होतं. मोहिते मंडळी ते रोज वापरत. विमला ते आवडत नसे. "रोज उघडलं, तर ते दार कुणाला बोलवायला लागेल सांगता येत नाही," असं तो सप्टेंबरात वल्लरीला म्हणाला होता. ती तेव्हा हसली होती.

"वल्लरीताई, चहा विचारत नाही," कीर्ती जिन्याखाली उभी राहून म्हणाली. "मी त्या खोलीत जात नाही."

"चहाचं काय घेऊन बसलीस. बस इथे. काय झालं ते सांग."

कीर्तीने सांगितलं ते असं. मंगळवारी तिचा डच भाषेचा वर्ग असतो. साडेबाराला तिने सासऱ्यांना पिठलं-भात वाढला. ते म्हणाले, तू जा, मी शेगडी पेटवतो आणि जरा आडवा होतो. लाकडाची शेगडी रोज जेवणानंतरच पेटायची, सहा आठवड्यांचा तोच नेम. साडेचारला ती परतली, तेव्हा ते खुर्चीत होते. छातीवर चष्मा, गाल गुलाबी. तिला आधी वाटलं, थंडीने तुकतुकी आलीये. मग तिने किंकाळी फोडली. विम धावत आला, त्याने खिडक्या उघडल्या, त्यानेच फोन केला.

"अग्निशमनवाले म्हणाले, धुराड्यात पक्ष्याचं घरटं अडकलं होतं. विषारी वायू खोलीत साठला. आणि..." तिने भिंतीकडे बोट केलं. मागच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर वर, एक लोखंडी जाळी होती. तिच्यावर पोलिसांनी पिवळी चिकटपट्टी लावली होती, हात लावू नये म्हणून. "तिथून गार हवा येतेय असं वाटायचं. बाबांचे गुडघे दुखायचे. मी माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा आत कोंबला. त्यांच्या कागदावर तेच लिहिलंय. हवा येण्याचा मार्ग रहिवाशाने बंद केला होता."

जिन्याच्या वरच्या पायरीवर सुबोध बसला होता. हातात फोन, नजर फोनवर नाही.

"सुबोध, तुम्ही काही बोलत नाही," वल्लरी म्हणाली.

"काय बोलू? कराडहून बहिणीचा फोन येतो. विचारते, थंडी वाजत होती म्हणून चिंध्या कोंबल्या का? मी काय सांगू तिला?"

"माझं शनिवारचं तिकीट काढलंय ह्यांनी," कीर्ती म्हणाली. "एकटीचं. फक्त जायचं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, एक वेड्यासारखी गोष्ट सांगू? त्यांनी कापड बाहेर काढलं तेव्हा त्याची चौपदरी घडी होती. मी बोळा कोंबला होता. पण हे मी कुणाला सांगू? म्हणतील, आता वाचायला बघतेय."

बादली

घरटं मागच्या अंगणात बादलीत पडून होतं. अग्निशमनवाल्यांनी वरून काढलं आणि तसंच ठेवून ते गेले. वल्लरीने बादली उपडी केली.

काड्या बर्च झाडाच्या होत्या, तपकिरी, स्वच्छ. खालच्या बाजूला राखाडी भुकटी. बोटाने पुसली तर पुसली गेली.

ती आत गेली, शेगडीचं झाकण काढून तिने धुराड्यात आरसा धरला. विटांवर काळं, चकचकीत डांबर चढलं होतं. लाकूड जाळलं की चढतंच. सहा आठवडे रोज पेटलेल्या शेगडीचं डांबर.

"सुबोध," तिने हाक मारली, "धुराडं साफ करणारा माणूस कधी आला होता?"

सुबोध उठून उभा राहिला. "ऑक्टोबरात."

"त्याची पावती?"

पावती नव्हती. माणूसही आला नव्हता. सुबोधने कीर्तीला थाप मारली होती. वेळ मिळाला नाही, मग राहूनच गेलं. आता तो भिंतीला कपाळ टेकून उभा होता. "म्हणून मी तिच्याशी बोलत नाही, वल्लरी. तिला वाटतं मी तिला दोष देतोय. मी तिच्याकडे बघूच शकत नाही. उन्हाळ्यापासून घरटं वर असणार आणि मी..."

"उन्हाळ्यापासून नव्हतं," वल्लरी म्हणाली. "असतं तर काड्यांवर डांबर चढलं असतं. यांच्यावर फक्त एका दुपारची राख आहे. सोमवारी शेगडी पेटली तेव्हा हे घरटं तिथे नव्हतं. आणि नोव्हेंबरात कुठला पक्षी घर बांधतो?"

कीर्ती तेवढ्यात अंगणातून आत येऊन जिन्याच्या कठड्याशी थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारी सकाळी ते कुणीतरी ठेवलं."

ओव्हरसियरची वही

छपरावर चढलं असतं तर कौलांवरचं शेवाळ निघालं असतं. अग्निशमनवाल्यांनी शिडी लावली होती तो पट्टा सोडला तर शेवाळ सगळीकडे शाबूत, हिरवंगार. खालून, शेगडीच्या तोंडातून, एवढा गठ्ठा वर जात नाही. मग कुठून?

उत्तर नकाशात असणार होतं. १८८७ चा मूळ नकाशा, मेणकापडावर शाईने काढलेला. सप्टेंबरात वल्लरीने तो इस्टेटीच्या कार्यालयात पाहिला होता. पण आता तो तिथे नव्हता.

"तुमच्या वृद्ध सद्गृहस्थांना दिला," मारलेन म्हणाली. ती इस्टेटीची व्यवस्थापक, पन्नाशीची, बुटांना कायम चिखल. "ते आले, नकाशाकडे बोट केलं, माझ्या टेबलाची लांबी-रुंदी मोजली आणि दोन्ही आकडे बरोबर सांगितले. मी म्हटलं, घेऊन जा. मला त्या घरात सुट्टीची बिऱ्हाडं करायची आहेत हे खरं आहे, तुम्ही विचारण्याआधीच सांगते. पण माणसं मारून नाही."

"परत आणला?"

"नाही."

नकाशा दीनानाथांच्या टेबलावर गुंडाळी करून ठेवलेला असायचा, कीर्तीने सांगितलं. आता टेबलावर फक्त त्यांची वही होती. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस. तीन महिन्यांसाठी मुलाकडे आला, आणि करमेना म्हणून घर मोजू लागला. ओळंबा सोडायचा, टेप लावायचा, वहीत लिहायचं. विमकडे कॉफीला गेले तेव्हा त्याचीही खोली मोजून आले होते.

आठ नोव्हेंबरच्या पानावर ती बेरीज होती: खोल्या आणि भिंती मिळून १२.५०, बाहेरून १३.६०. खाली लाल शाईत: *हे १.१० कुठे गेले? विमसाहेबांना विचारावे.*

नऊ तारखेला एकच ओळ. *विचारले. कॉफी थंड झाली.*

वल्लरीने वही मिटली. नकाशा नेणाऱ्याला एक गोष्ट माहीत नव्हती. सप्टेंबरात तिने त्याचे फोटो काढले होते. तिने फोन उघडला, बोटांनी नकाशा मोठा केला.

मधल्या भिंतीला पाठ लावून दोन कपाटं होती, दोन्ही बिऱ्हाडांना एकेक. त्या काळी माणसं अशाच कपाटात, दारं लावून, अर्धवट बसून झोपत. प्रत्येक कपाट एक मीटर दहा खोल. डाव्या घरातलं १९३१ मध्ये काढून खोली मोठी केली, हे नोंदीत होतं. उजव्या घरातल्याची नोंद नव्हती. सप्टेंबरात विमने तिला खोली दाखवली होती, तिथे सपाट, गिलावा केलेली भिंत होती.

आणि धुराड्यावर, उजव्या बाजूच्या माळ्यावर, एक चौकोन. शेजारी बारीक अक्षरात: काजळी काढण्याची झडप.

ती फक्त विमच्या माळ्यावरून उघडत होती.

कॉफी आणि एक बिस्किट

विमने कॉफी दिली आणि डब्यातून एक बिस्किट. मग डबा बंद केला.

"तुमचा अहवाल चालू आहे अजून?"

"माणूस गेला तरी घर उभंच आहे," वल्लरी म्हणाली. तिची पाठ सपाट भिंतीकडे होती. मुद्दाम नव्हे, दुसरी खुर्चीच नव्हती. "या भिंतीत कपाट होतं ना, झोपायचं?"

"उंदीर झाले. बुजवलं."

"कधी?"

"फार पूर्वी."

"आणि तुमचं पुढचं दार? किती वर्षं उघडलं नाही?"

विमने फोटोकडे पाहिलं. शेल्फवर एक फोटो होता: विशीतली मुलगी, हातात कपड्यांची टोपली, डोळ्यांवर ऊन.

"आई गेली १९६९ ला, या दाराने. मग माझी बहीण ॲनी. तिचा होणारा नवरा कॅनडाला पुढे गेला होता. एक जून १९७४. तिने पांढरा पोशाख घातला, मी दार उघडलं, ती गेली. मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर ते दार उघडलेलं नाही. आता माझ्यासाठीच उघडेल."

"पत्रं आली?"

"सुरुवातीला."

वल्लरीने कॉफी संपवली. "दाराचा रंग तपासू का, बाहेरून? अहवालात एक पान रंगांचं असतं. नखाएवढा तुकडा खरवडते, परत भरून देते."

विमने खिडकीबाहेर पाहिलं. "मी लाकडं फोडतोय तिकडेच," तो म्हणाला.

रंगाची शिडी

मारलेनला तिने अकरा वाजता बोलावलं होतं, सप्टेंबरात वाचलेली रंगकामाची नोंदवही घेऊन. इस्टेटीचा रंगारी घरोघर फिरायचा आणि बंद दारांवरून, फटीसकट, सरळ ब्रश ओढायचा. १९७० ला हिरवा. १९७६ ला मालक बदलले, रंग बदलला: बैलाच्या रक्तासारखा तांबडा. तेव्हापासून तांबडाच.

वल्लरी दाराशी गुडघ्यांवर बसली. दार आणि चौकट जिथे मिळतात त्या फटीवर तिने पातळ पातं टेकवलं. एकेक थर उतरत जायचं, पायऱ्या पाडल्यासारखं, म्हणजे प्रत्येक काळाची एक पट्टी उघडी राहते.

मागे कुऱ्हाड पडत होती. ठक. जरा वेळ. ठक.

तांबडा. तांबडा. फिकट तांबडा. १९७६ चा तांबडा.

ठक.

मग हिरवा, १९७० चा. फटीवरून सलग गेलेला, दुधावरच्या सायीसारखा. एकही चीर नाही. तिने भिंग लावलं. नाहीच. त्याच्या खाली आणखी जुना हिरवा होता, आणि त्याला फटीच्या रेषेत उभी चीर होती, नंतरच्या रंगाने भरून निघालेली. कुणीतरी ते दार जोर लावून उघडलं होतं: १९६९, आईच्या वेळी. उघडलेलं दार रंगात असं दिसतं.

१९७० नंतर ते तसं कधीच दिसलं नव्हतं.

लाकूड फोडण्याचा आवाज थांबला.

पाचवा थर

"कितव्या थरावर आलात?" विमने विचारलं. तो तिच्या मागे तीन पावलांवर होता. कुऱ्हाड खाली लोंबत होती, विसरल्यासारखी.

"पाचव्या."

"मग?"

वल्लरी उठली नाही. "मग १९७४ ला हे दार उघडलेलं नाही. ॲनी इथून गेली नाही. मागच्या दाराने नवरी जात नाही, ते तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या खोलीत एक मीटर दहा कमी आहे. दीनानाथांनी ते मोजलं आणि तुम्हाला विचारलं. मंगळवारी सकाळी, शेगडी थंड असताना, तुम्ही माळ्यावरची झडप उघडून काड्या ठेवल्यात. कीर्ती मंगळवारी घरी नसते हे तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतं. दुपारी खिडक्या उघडायला धावलात तेव्हा नकाशाची गुंडाळी उचललीत, कारण तिच्यात झडपही होती आणि कपाटही."

इस्टेटीची गाडी फाटकाशी थांबली. मारलेन उतरली, आणि तिथेच उभी राहिली. डावीकडच्या दारात सुबोध होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

विमने कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली, नीट, पातं आत करून. मग तो उंबऱ्यावर बसला.

"मी तिला मारलं नाही," तो म्हणाला. "मी फक्त दार धरून उभा राहिलो. ती म्हणाली, मग मी मागून जाते. धावली. तळघराच्या पायऱ्या ओल्या होत्या." त्याने हात पुसले, हातांना काही लागलेलं नसताना. "तिला तिच्याच बिछान्यात ठेवलं. कपाटाची दारं लावली. विटा इस्टेटीच्याच होत्या. त्या माणसाने कॅनडाहून दोनदा लिहिलं. मी उत्तर दिलं, ती येणार नाही. ते खोटं नव्हतं."

"आणि माझे वडील?" सुबोधने विचारलं.

विम सुबोधकडे वळला.

"हसत आला तो. हातात टेप. म्हणाला, वन मीटर टेन, मिस्टर विम! आणि भिंतीवर टकटक केली." त्याने आपल्याच गुडघ्यावर बोटं आपटून दाखवलं, तीनदा. "एकावन्न वर्षांत तिच्यावर कुणी टकटक केली नव्हती. मला वाटलं, आतून उत्तर येईल."

एक मीटर दहा

भिंत गुरुवारी फोडली. गिलाव्यामागे विटा, विटांमागे कपाटाची दोन लाकडी दारं, त्यांना पितळी खिट्टी. दारांमागे काय होतं ते वल्लरीने पाहिलं आणि अहवालात लिहिलं नाही. पांढरं कापड पिवळं पडलं होतं, एवढंच तिने नंतर मारलेनला सांगितलं. नकाशा माळ्यावर सापडला, झडपेच्या शेजारी, बर्चच्या उरलेल्या काड्यांखाली.

ॲनीला पुढच्या दाराने नेलं. ते उघडायला दोन माणसांना खांदा लावावा लागला. रंग लांब पट्ट्यांत फाटला.

शुक्रवारी पोलिसांनी डाव्या घरातली पिवळी पट्टी काढली. कीर्तीची बॅग दाराशी भरलेली होती.

"ताई, काड्या त्याने ठेवल्या, पटलं," ती म्हणाली. "पण हवा मी बंद केली. ती आली असती तर बाबा कदाचित... कागदावर तर तेच आहे."

वल्लरीने स्क्रू काढले. जाळी हातात आली. तिने टॉर्च कीर्तीच्या हातात दिला. "तूच बघ."

कीर्ती त्या खोलीत दहा दिवसांत पहिल्यांदा शिरली. गुडघ्यांवर बसली, टॉर्च आत धरला.

आत वीट होती. चार बोटांवर. चुन्याचा जुना गिलावा, त्यावर कोळ्याचं मेलेलं जाळं.

"झोपायच्या कपाटाला हवा मिळावी म्हणून ही जाळी होती," वल्लरी म्हणाली. "१९३१ ला कपाट काढलं, तेव्हा मागून बुजवली. जाळी तेवढी राहिली. चौऱ्याण्णव वर्षं इथून वाऱ्याची झुळूकसुद्धा आलेली नाही. शेगडीला हवा दाराखालच्या फटीतून मिळते. तू काहीही बंद केलं नाहीस, कीर्ती. बंद करायला तिथे काही नव्हतंच. आणि हे मी त्यांच्या त्या कागदासाठी लिहून देणार आहे, सही-शिक्क्यानिशी."

कीर्ती टॉर्च धरून तशीच बसली. "पण मला गार लागायचं तिथे."

"लोखंड गार असतं."

सुबोध आत आला. तिच्याजवळ, जमिनीवर बसला. मग म्हणाला, "धुराडं साफ करणारा आलाच नव्हता गं. मी खोटं सांगितलं."

तिने टॉर्च बंद केला. "माहीत आहे," ती म्हणाली. "कपबशी काढून ठेवली होती मी त्याच्यासाठी. तशीच राहिली."

दाराशी बॅग होती. सुबोध उठला आणि ती जिन्यावरून वर घेऊन गेला.

वल्लरी सायकलीकडे निघाली. एका गोष्टीचा उलगडा तिला झाला नव्हता, आणि विमलाही त्याबद्दल काही सांगता आलं नव्हतं: ती चौपदरी घडी.

*

तीन नोव्हेंबरला, कीर्ती बाजारात गेली असताना, दीनानाथांनी जाळी काढून आत पाहिलं, मागे वीट असल्याचं त्यांना कळलं, आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी कापडाची नीट घडी करून ते होतं तिथे परत ठेवलं.